खांद्याला झेपेल ती रायफल

वाळपई, सत्तरी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तिथल्या न्यूझीलंडच्या फार्मवरची पोरं तुला शिकारीसाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जबर धक्क्याच्या मोठ्या काडतुसाची रायफल, घे म्हणतात, हरीण जागीच पडतं म्हणून. पडतं खरं, पण गोळी हवी तिथं लागली तर. आणि ती रायफल तुझ्या हातात असली तर लागायची नाही, हे तुझा मामा इथे बसून सांगतो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. गवा केळी तुडवून गेला तरी आपण डबेच वाजवणार. तुमच्याकडे न्यूझीलंडात लाल हरणं एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेली, ती रान खाऊन टाकतात, म्हणून मारावी लागतात. तेव्हा शिकच, पण नीट शीक.

पलटणीत मी आधी ७.६२ मिलिमीटर गोळीची एसएलआर रायफल चालवली, नंतर ५.५६ ची, कमी धक्क्याची इन्सास. एसएलआरला घाबरणारे धडधाकट जवान मी पाहिलेत. चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायचा, नळी खाली जायची, आणि दोष मात्र रायफलला. धक्क्याची ही भीती एकदा अंगात शिरली की काढायला महिने जातात. तुझ्यात ती आहे का, हे असं बघ: मैत्रिणीला सांग, मॅगझिनमध्ये चार खऱ्या गोळ्यांत दोन नकली मिसळ, कुठली कुठे ते सांगू नको. नकलीवर नळीनं मान टाकली तर समज.

काडतुसाचं म्हणशील तर .२४३ विंचेस्टरचा धक्का .३०८ च्या साधारण निम्मा (हे आकडे गोळीच्या जाडीचे, इंचात). १९५५ साली .३०८ च्याच पितळी कवचाची मान आवळून ते काढलं. ९५-१०० ग्रेन वजनाची (साधारण सहा-साडेसहा ग्रॅमची) चांगली गोळी घेतलीस तर लाल हरणाला चालतं, पण अंतर कमी आणि नेम पक्का हवा; मोठ्या नराला मला ते तोकडं वाटतं. म्हणून मी तुला ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ ही मधली काडतुसं सांगेन. धक्का .२४३ पेक्षा जास्त, पण .३०८ पेक्षा कमी. दोन्हींत तुझ्या गावच्या दुकानात जी काडतुसं बारमाही मिळतात ती घे.

आता वजन. डोंगर चढायचा म्हणून हलकी रायफल घेशील, तिथंच फसशील. तीन किलोंची रायफल अडीचवर आणलीस की त्याच काडतुसाचा धक्का पाचव्या हिश्शानं वाढतो. नळीच्या तोंडाशी वायू बाजूला फेकणारा मझल ब्रेक लावू नको, धक्का कमी होतो पण कानांची वाट लागते. तिथं सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावरचा आवाज दाबणारा डबा, चालतो, तो घे. आवाज आणि धक्का दोन्ही उतरतात. तरी कानांना संरक्षण ठेव.

दस्ता तुझ्या हाताच्या मापाचा करून घे. दुकानातल्या रायफली उंच बाप्यांच्या मापाच्या असतात. कोपराच्या खोबणीत दस्ता टेकवून बोट चापाशी सहज पोचलं पाहिजे. दुर्बीण डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच लांब. जवळ घेतलीस तर भुवई फुटते, माझी फुटलीये.

पहिल्या दिवशी वीसच्या वर गोळ्या झाडू नको. खांदा काळानिळा झाला तर फोटो पाठवू नको, फोन मामीच्या हातात असतो.

तुझा,
मामा