आलेखाआधी नमुना बघ

कोकणात शेती कधी नि कुठून आली, हे शोधायला तू घेतलंस याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त अंतर आणि तारखांचा आलेख काढायची घाई नको. आधी प्रत्येक रेडिओकार्बन तारीख (अवशेषात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं वय) कशावरून काढलीय ते विचार. कोळसा असेल तर लाकूड कुठलं? जुन्या झाडाच्या गाभ्यातला कोळसा चूल पेटली त्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधीची तारीख देऊ शकतो. जळलेला भाताचा किंवा कुळथाचा दाणा मिळाला तर सोनंच! तो एकाच हंगामातला असतो, आणि एएमएस पद्धतीला (यात कार्बनचे अणू थेट मोजतात) तेवढासा दाणाही पुरतो.

आपल्याकडे मोह पडतो तो खाडीकाठच्या शिंपल्यांचा. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना, म्हणून कालवांच्या तारखा साधारण 400 वर्षं मागे जातात; शिवाय हा फरक किनाऱ्यागणिक बदलतो. मोजलेलं कार्बन-वय खऱ्या वर्षांत बदलायला दाण्याला इंटकॅल20 हा जमिनीवरच्या नमुन्यांचा वक्र लाव, शिंपल्याला मरीन20 हा समुद्री वक्र आणि त्या किनाऱ्यापुरती स्थानिक दुरुस्ती.

युरोपात पुरातत्त्वज्ञ अॅमरमन आणि जनुकशास्त्रज्ञ काव्हाली-स्फोर्झा यांनी शेतीच्या प्रसाराचा वेग वर्षाला सुमारे 1 किलोमीटर काढला. तो आकडा इथे गृहीत धरू नकोस. अंतर किनाऱ्याने मोजलंस की घाट उतरून, यावर आलेखातल्या रेषेचा उतार, म्हणजे प्रसाराचा वेग, बदलेल; दोन्ही करून बघ. नकाशावरची मोकळी जागाही फसवी असते. जांभ्याची आम्लधर्मी माती आणि आपला पाऊस हाडं टिकू देत नाहीत, म्हणून पुरावा नाही म्हणजे शेती नव्हती असं नाही.

आणि इ.स.पू. 800 ते 400 मध्ये इंटकॅल वक्र जवळजवळ सपाट आहे, म्हणजे एकच कार्बन-वय कित्येक शतकांना जुळतं. तिथल्या तारखांचा मधला बिंदू देऊ नकोस, पूर्ण पट्टा दाखव.