काटकसर कोणाच्या ताटातून?

“मॅडम, एवढं मन मारून राहतो, तरी कर्ज जागचं हलत नाही.” दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणारे कधी डोंबिवलीहून आलेले असतात, कधी परळच्या चाळीतून, कधी गोरेगावच्या टॉवरमधून. २०२० च्या टाळेबंदीत पगार कापले गेले, तेव्हा किराणा क्रेडिट कार्डावर भरायची लागलेली सवय कित्येक घरांतून अजून गेलेली नाही. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आपण काटकसरीत कुठेतरी कमी पडतोय. मला मात्र बहुतेक वेळा उलटंच दिसतं. माणसं झेपेल त्याहून जास्त काटकसर करत असतात, पण पैसा खरा गळतोय तिथे त्यांची नजर जात नाही. आणि ती का जात नाही, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत नसतं.

भांडुपच्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच महिन्यांच्या भेटी थोडक्यात मांडल्या आहेत.

वय चाळिशीच्या पुढे, मूळ गाव सिंधुदुर्गातलं. मिस्टर एका खासगी कंपनीत स्टोअर्समध्ये, मुलगा नववीत, वन रूम किचनचं घर. झोप लागत नाही आणि मुलावर उगाच हात उगारला जातो, म्हणून आल्या होत्या. कर्जाचा विषय पुढच्या भेटीत निघाला, तोही त्यांनी पिशवीतून काढलेल्या एका वहीमुळे. तेलाची पिशवी किती दिवस पुरली, कोणत्या वाराला कुठली भाजी स्वस्त मिळाली, सगळं तारीखवार. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या पानांची भाजी, उरलेल्या आमटीत पीठ भिजवून थालीपीठ, शिळ्या पोळीचा कुस्करा. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते या बाईला अक्षरशः साधलं होतं, आणि मी ते त्यांना तसंच सांगितलं. कर्जात बुडालेल्या माणसाला आपल्यातलं काही चांगलं चाललंय हे ऐकायलाच मिळालेलं नसतं.

“महिन्याला किती वाचतात यातून?”

“हजार-बाराशे. कधी दीड हजार.”

“आणि ते जातात कुठे?”

ताई गप्प. वहीत ते पान नव्हतंच.

पुढच्या वेळी त्यांना कार्डाचं बिल आणायला सांगितलं. थकबाकी १,८०,००० रुपये, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. दरमहा त्या ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बँकेने मागितलेली किमान रक्कम, थकबाकीच्या पाच टक्के, ९,००० रुपये भरत होत्या आणि हप्ता चुकवला नाही याचं समाधान मानत होत्या. त्या ९,००० मधले ६,३०० व्याजाला जात होते, व्याजावरच्या जीएसटीला आणखी १,१३४. मुद्दलातून कमी होत होते जेमतेम दीड हजार. वर अडीनडीला किराणा त्याच कार्डावर. मागची थकबाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणजे महिनाभर शिरांच्या चटण्या करून वाचवलेले पैसे आठवड्याच्या व्याजालाही पुरत नव्हते.

इथे कोणी म्हणेल, साधा हिशेब आहे, आधी का नाही केला? हा प्रश्न कर्जदाराला विचारणारे नातेवाईक मी खूप पाहिले आहेत, आणि तो क्रूर आहे. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कापणीआधी हात रिकामे असताना आणि कापणीनंतर पैसा हाती आल्यावर, अशा दोन्ही वेळी त्याच शेतकऱ्यांना विचारशक्तीच्या त्याच चाचण्या दिल्या. टंचाईच्या दिवसांत त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. माणसं तीच, डोकं तेच. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते. म्हणून दहा रुपये स्वस्त कोथिंबिरीसाठी स्टेशनपलीकडे चालत जाणारी बाई बिलाची तारीख विसरते आणि दंड भरते. तिला आळशी किंवा अडाणी म्हणून काही साधत नाही.

पण ताईंच्या बाबतीत मला आणखी काहीतरी खटकत होतं. वहीत कपात इतकी होती आणि मुलाचं वजन, मिस्टरांचा डबा यांवर तिचा मागमूस नव्हता. ताई मात्र दर भेटीला जास्त फिकट दिसत होत्या. मी वही त्यांच्यापुढे सरकवली.

“ताई, यात जे जे कमी केलंय, त्याच्यापुढे लिहा, ते कोणाच्या ताटातून गेलं.”

त्यांनी पेन घेतलं. दूध : माझं. फळ : माझं. रविवारचं अंडं : माझं. मासे : सगळ्यांचे, पण मुलाला कधीतरी बाहेर मिळतात. दाताचं काम : माझं. रिक्षा : माझी. शिळं : मी. पान भरत आलं तसं पेन हळू झालं, मग थांबलं.

“हे करायला तुम्हाला घरात कोणी सांगितलं?”

“कोणी नाही.”

“मग ही शिक्षा कशाबद्दल आहे?”

मी बोलले नाही, वाट पाहिली. माझ्या कामात सगळ्यात अवघड कौशल्य कुठलं म्हणाल, तर हे. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये वडिलांना, अण्णांना, कोविड झाला. भावाने हात वर केले. सरकारी रुग्णालयात नको, खासगीतच न्यायचं, हा हट्ट ताईंचा. बिल मिस्टरांच्या कार्डावर गेलं. वडील वाचले नाहीत. “पैसे गेले आणि माणूसही गेला, मॅडम. हे एका शब्दाने बोलले नाहीत. पण मी आता कुठल्या तोंडाने बांगडा आणा म्हणू?”

“त्या दिवशी हट्ट धरला नसता आणि वडील गेले असते, तर आज स्वतःला काय म्हणाला असता?”

“पैशासाठी बापाला सोडलं म्हणाले असते.”

“म्हणजे काहीही केलं असतं तरी दोषी तुम्हीच. मग हा खटला चाललाच कुठे? निकाल आधीच लिहून ठेवला होता.”

ताई रडल्या नाहीत. उलट त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू खोलीत आणखी कोणी बसलंय हे त्यांना आत्ता कळलं. मग म्हणाल्या, “मी घास मोजते, तेव्हा कर्जाचा विचार करतच नाही मी. अण्णांचा करते.”

या एका वाक्यासाठी मी इतके महिने थांबले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर माझा विश्वास आहे तो अशा क्षणांमुळे. घटना आपल्याला जेवढं छळत नाही, तेवढं आपण त्या घटनेबद्दल स्वतःला जे बजावत राहतो ते छळतं. ‘कर्ज झालं, ते फेडायची जबाबदारी आहे’ हा विचार माणसाला बँकेत नेतो. ‘कर्ज झालं, म्हणून मला नीट जेवायचा हक्क नाही’ हा विचार त्याला स्वयंपाकघरातच कोंडून ठेवतो. प्रायश्चित्त म्हणून केलेल्या काटकसरीला आकडा नसतो आणि शेवटची तारीखही नसते. कितीही केली तरी ती पुरत नाही, कारण ती पैसे वाचवण्यासाठी नसतेच. मला वाटतं, कर्जाबद्दल बोलणाऱ्यांनी हा भेद सगळ्यात आधी तपासावा, आणि तो फार कमी जण तपासतात.

नंतर एकदा मिस्टरांनाही बोलावलं. हा गृहस्थ मितभाषी. ताईंनी धीर करून सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ टेबलाकडे पाहत होता. मग म्हणाला, “माझे वडील गेले तेव्हा माझ्या खिशात टॅक्सीपुरतेही पैसे नव्हते, मॅडम. हिच्या वडिलांच्या वेळी निदान कार्ड होतं. ते दिल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. मला वाटायचं, ही माझ्यावरच्या रागाने जेवत नाही. पगार वाढत नाही म्हणून.”

तीन-चार वर्षं एका खोलीत राहून दोघंही दुसऱ्याचा निकाल आपणच लिहीत होते. मी त्यांना फार काही समजावलं नाही. समजावण्याची गरज उरली नव्हती.

त्यानंतर कामं पटापट झाली. मिस्टरांच्या कंपनीच्या पतपेढीत १२ टक्के वार्षिक व्याजाने कर्ज मिळत होतं; लाजेपोटी त्यांनी कधी अर्जच केला नव्हता. ते घेऊन कार्डाची थकबाकी एकरकमी भरली आणि कार्ड बंद केलं. पहिल्या महिन्याचं व्याज ६,३०० वरून १,८०० वर आलं. तेच ९,००० दरमहा भरत राहिलं, तर दोन वर्षांच्या आत सगळं फिटतं. तारीख दिसू लागली की झोप सुधारते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. पतपेढी नसेल तर बँकेत जाऊन थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते बांधून मागावेत. मोबाईलवरच्या झटपट कर्जाने कार्ड फेडू नये, एवढं मात्र हात जोडून सांगते.

स्वयंपाकघरात मी एकच नियम सुचवला : कपात सगळ्यांच्या ताटात सारखी, आणि वाचलेले पैसे त्याच दिवशी वेगळे काढायचे. रक्कम छोटी असली तरी ती मुद्दलात जमा झालेली दिसली पाहिजे. बाकी ताई माझ्यापेक्षा हुशार. पापलेट-सुरमईचा नाद सोडून बांगडा आणि मांदेली आणायला लागल्या. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा जवळ्याची चटणी आणि भाकरी. पाव किलो मटकी मोड आणल्यावर दुपटीहून जास्त होते. तिची उसळ रात्री, उरलेली सकाळी मुलाच्या डब्यात. कुळथाची पिठी आठवड्यातून दोनदा. हे गरिबीचं जेवण नाही, कोकणातल्या घराचं चांगलं जेवण आहे, आणि चौरस आहे. फरक एवढाच की आता ताई पानावर सगळ्यांबरोबर बसतात. शेवटी बसणाऱ्या बाईला उरलेलं मिळतं. हे आपल्या घरांतून इतकं मुरलंय की कोणाला दिसतही नाही.

गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल लोक मला फार आशेने विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते. मुंबईच्या गॅलरीतली बाग कर्ज फेडत नाही. टोमॅटो-वांग्याला सहा तास तरी थेट ऊन लागतं, ते समोरच्या इमारतीमुळे मिळत नाही, आणि महागडे किट, विकतची माती, खत घेतलं तर उलटा खर्च. ताईंनी आधी तुळस सोडून सगळ्या कुंड्या शेजारी देऊन टाकल्या होत्या, कारण ‘देणं असताना हिरवळ कसली’. ते ऐकून मी मुद्दाम बागेचा आग्रह धरला. पैसे घालायचे नाहीत ही अट. कोळिणीकडून थर्माकोलचे रिकामे खोके आणले, तळाला भोकं पाडली. बाजारच्या पुदिन्याची देठं पाण्यात ठेवून मुळं फुटल्यावर लावली. धणे रगडून दोन भाग करून पेरले. एका पसरट ट्रेमध्ये वाळूत मेथी, आपल्या बाजारात समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात तशी. ती आपल्याकडे वाळूतच पिकते, हे मुलाला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. त्याने तो ट्रे ताब्यात घेतला. भाजीच्या साली कुजवून खत. ग्रिलबाहेर काही टांगू नका, खाली माणूस चालतो, हेही सांगितलं.

यातून महिन्याला शे-दीडशे रुपये सुटत असतील. पण उदास माणसाला ‘आधी बरं वाटू दे, मग करीन’ म्हणून चालत नाही. आधी हात चालतात, मन मागून येतं. मेथी तीन आठवड्यांत खुडता येते. कर्जाच्या हप्त्यांत एवढ्या लवकर हाती काही लागत नाही.

ताईंचं कर्ज अजून फिटलेलं नाही, हप्ते चालू आहेत. मध्यंतरी मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा त्यांनी पतपेढीत जाऊन आधीच सांगितलं आणि दोन हप्ते लहान करून घेतले. दाताचं काम झालं.

ज्यांच्याकडे वसुलीचे फोन येतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. असं होत असेल तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी क्रमांक १४४४८. आणि रात्री जीव नकोसा वाटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.