कॉलनीच्या मैदानाचं फुटबॉल स्टेडियम : आधी गोल्फ क्लबकडे बघा

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फुटबॉलला कायमची जागा का नाही? आणि सिडकोतल्या तुमच्या कॉलनीच्या मैदानावर स्टेडियम मागावं का? मी मूळचा कोल्हापूरचा, नाशकात बरीच वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

गोल्फ क्लब हे नाव इंग्रजांच्या काळातलं. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या याच मैदानावर असं पुष्कळ जण सांगतात. ते चूक आहे. ती घटना विजयानंद नाट्यगृहात घडली, जॅक्सनच्या निरोपासाठी ठेवलेल्या ‘शारदा’च्या प्रयोगाला. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेऱ्यांना फाशी झाली, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. पोरांना मी हे मैदानात उभं करूनच सांगतो. रोज जिथे पळतो, तिथलं नाव कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक असायलाच हवं.

आता वापराचं. जानेवारी २०२४ मध्ये तिथे मोठी राजकीय सभा झाली, जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना. शिवाय पहाटेपासून ट्रॅकवर चालणारी मंडळी. क्रिकेटची खेळपट्टी मधोमध असते आणि ती जपावी लागते, तिच्यावरून स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट घालून पळून चालत नाही. म्हणजे एकाच मैदानात दोन्ही खेळ नीट बसवणं अवघडच. यात कुणाचा दुष्टावा नाही, पण फुटबॉलवाला कायम कडेला राहतो हे खरं.

कोल्हापुरात उलट घडलं, कारण तिथे आधी संघ होते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही सगळी नावं तालमींची. कुस्तीच्या आखाड्यातली पोरं संध्याकाळी बॉलमागे धावली आणि पेठेचा अभिमान त्या बॉलला चिकटला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात त्या या तालमींमुळे. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. म्हणून माझं स्पष्ट मत : प्रेक्षकांची गॅलरी मागू नका, खेळायची जमीन मागा.

जमीन म्हणजे काय, तेही सांगतो. पूर्ण मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर लागतं. तेवढी जागा तुमच्याकडे नसणार, आणि लहान मुलांना ती लागतही नाही. ६० बाय ४० मध्ये सात-सात जणांचा खेळ उत्तम होतो. मधला भाग किंचित उंच ठेवून चारही बाजूंना उतार द्या, कडेने चर काढा, वर हरळी लावा. आपल्याकडे पाऊस लागला की काळ्या मातीत बॉल रुतून बसतो. हरळीची मुळं धरेपर्यंत एक पावसाळा मैदान बंद ठेवावं लागेल आणि त्यावरून लोक ओरडतील. तेवढं सोसा.

गोलपोस्ट जमिनीत पक्के गाडलेले किंवा खुंट्यांनी जखडलेले हवेत. सुट्या पोस्टला पोरं लोंबकळतात आणि तो अंगावर येतो. रेषा खडूच्या पावडरीच्या मारा. एका स्पर्धेत आयोजकांनी फक्की म्हणून चुना वापरला, सामन्याच्या आधी पावसाची सर येऊन गेली, आणि आमचा बारा वर्षांचा लेफ्ट बॅक त्या ओल्या रेषेवरून घसरला. मांडीवर तळहाताएवढी कातडी भाजली. मी बाटलीने पाणी ओतत होतो आणि तो विचारत होता, “सर, दुसऱ्या हाफला उतरू ना?” तेव्हापासून पोती फोडून, बोटांनी चोळून बघितल्याशिवाय मी रेषा मारू देत नाही.

आणि लग्न-सभांचं आत्ताच ठरवा. मैदान कॉलनीचं आहे, गणपतीचा मांडव तिथे पडणारच, पडावाही. पण मांडव निघाला की खड्डे बुजवायचे कुणी, हे परवानगीच्या कागदावरच लिहून घ्या. आम्ही प्रत्येक कार्यक्रमानंतर पोरांना हातभर अंतरावर एका ओळीत उभं करतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खिळे वेचत चालतो. मागच्या खेपेला श्रीखंडाचा डबा अर्धा भरला.

मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह मागणीच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर टाका. तेराव्या-चौदाव्या वर्षी चांगल्या खेळणाऱ्या मुली येईनाशा होतात, त्याचं मोठं कारण मी हेच पाहिलंय. दिवे नंतर आले तरी चालतील.

अर्ज देण्याआधी मैदानाची लांबी-रुंदी मोजून इथे टाका. पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं तेही लिहा, म्हणजे चर कुठून काढायचा ते सांगता येईल.