कोर्स कोणता करू, हे ठरवण्याआधी

सहा वर्षं तुम्ही एचआरमध्ये जॉइनिंग, रजा, पेरोल, अप्रेझल सांभाळलंत. आता यातलं निम्मं काम सॉफ्टवेअर करतं, तर एआयचा कोर्स करू की अ‍ॅनालिटिक्सचा, असं तुम्ही विचारलंय. एकवीस वर्षं एचआरमध्ये काढल्यावर माझं मत असं झालंय, की आधी आकड्यांची उलटतपासणी घ्यायला शिका. माझी फजिती झाली तेव्हाच मी ते शिकलो.

एका मीटिंगमध्ये मी ऐटीत स्लाइड लावली: अ‍ॅट्रिशन (वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्यांचं प्रमाण) १२ टक्के, गेल्या वर्षीइतकंच. फायनान्सच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "गेले ते कोण?" मला सांगता येईना. २०० माणसांतली २४ गेली, यापलीकडे मी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी बसून यादी जॉइनिंगच्या तारखेप्रमाणे लावली, तर २४ पैकी १५ जण वर्षाच्या आत गेलेले, आणि त्यातले ११ एकाच टीमचे. एक्झिट फॉर्मवर जवळपास सगळ्यांनी 'चांगली संधी' लिहिलं होतं. अनुभवपत्र हातात पडायच्या आधी खरं कोण लिहील? दोन-तीन महिन्यांनी त्यातल्या चौघांना फोन केले. तक्रार एकच: मुलाखतीत सांगितलेलं काम वेगळं, हातात आलेलं वेगळं. त्या नोकरीची जाहिरात मीच लिहिली होती.

एआयचंही तसंच. रेझ्युमे चाळणारं सॉफ्टवेअर तुम्हाला बनवायचं नाहीये, त्याला जाब विचारायचाय. अ‍ॅमेझॉनचं उदाहरण लक्षात ठेवा. त्यांनी २०१४ पासून असं एक सॉफ्टवेअर तयार करायला घेतलं आणि त्याला आधीच्या दहा वर्षांचे रेझ्युमे शिकवले. ते बहुतेक पुरुषांचे. त्यामुळे 'महिला' हा शब्द आलेल्या रेझ्युमेला ते कमी गुण द्यायला लागलं. शेवटी गुंडाळावं लागलं. २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात भरतीची अशी साधनं 'जास्त जोखमीची' धरली आहेत, ती उगाच नाही.

तपासायला फार गणित लागत नाही. समजा १०० पुरुषांपैकी ५० पुढच्या फेरीत गेले आणि १०० बायकांपैकी ३०. तीसला पन्नासने भागा: ६० टक्के. अमेरिकेतल्या १९७८ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हा आकडा ८० च्या खाली गेला की शंका घ्यायची. भेदभाव झाला हे यावरून सिद्ध होत नाही, पण चाळणीत कुठला निकष आडवा येतोय ते शोधायला लागायचं. सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हेंडरला त्याचा हा आकडा किती, एवढं विचारून बघा. निम्म्या वेळा 'टीमशी बोलून कळवतो' असं उत्तर येतं.

मुलाखतीबद्दल थोडक्यात: सगळ्यांना तेच प्रश्न, आणि चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहून ठेवायचे. मॅनेजर कुरकुरतात. 'मला माणूस पाहताक्षणी कळतो' म्हणणारा तर हमखास भेटतो. त्यानेच आधी निवडलेल्यांची यादी त्याच्यापुढे ठेवायची. हे तोंड न वाजवता करता येणं, हेसुद्धा कौशल्यच, आणि ते मला अजून नीट जमत नाही.

कोर्सचं म्हणाल तर अ‍ॅनालिटिक्सचा करा, पण छोटा. पिव्होट टेबल (एक्सेलमध्ये यादीची गटवार मोजणी) आलं, सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक कळला, की पुरे. महागडं सर्टिफिकेट मागणारा एकही साहेब मला आजवर भेटलेला नाही, "गेले ते कोण?" विचारणारे मात्र पुष्कळ.