पाला कुजतो, ऱ्हास जंगलाचा होतो

प्रश्न : आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यापाशी फलक लावला आहे : 'पानांचा ऱ्हास होऊन खत तयार होते.' वाचताना खटकतं, पण का ते सांगता येत नाही. शिवाय 'ऱ्हास' बरोबर की 'ह्रास'?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा कान शाबूत आहे. पाला कुजतो, त्याचा ऱ्हास होत नाही. संस्कृतातला मूळ शब्द 'ह्रास'. 'ह्रस्' म्हणजे कमी होणे, आखूड होणे. शाळेत ज्याने छळलं ते 'ऱ्हस्व' याच धातूचं. तेव्हा ऱ्हासाला ना वास, ना ओल, ना बुरशी, नुसती उतरण. म्हणून तो जंगलांचा, मूल्यांचा, एखाद्या राजवटीचा होतो. एका पानाचा कसला ऱ्हास?

खरी मजा घरगुती शब्दांत आहे. माझ्या आईकडे दूध नासायचं, भात आंबायचा, आमटी विटायची, बटाटा सडायचा, आजोबांचं धोतर विरायचं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालायचा नाही. 'धोतर सडलं' म्हटलं असतं तर ती हसली असती.

कुजण्याला मात्र आपण उगाच नाक मुरडतो. मुद्रितशोधनाच्या पहिल्याच वर्षी शेतीवरच्या एका लेखातलं 'चांगले कुजलेले शेणखत' मला ओंगळ वाटलं. मी तिथे 'चांगल्या प्रतीचे' केलं. लेखक छापखान्यात येऊन कडाडले, "अहो, कच्चं शेण टाकून रानात हुमणीची कीड झाली, तर तुम्ही निस्तरणार का?" त्या धंद्यात 'कुजलेले' ही शिफारस असते, हे मला तेव्हा कळलं.

आता लेखन. बोलताना मराठी जिभेने 'ह' आणि 'र' यांची अदलाबदल केली आणि लेखनही तिच्यामागे गेलं. 'तऱ्हा', 'गाऱ्हाणे' यांतला 'ऱ्ह' तोच 'ऱ्हास'मध्ये. मराठी मजकुरात 'ऱ्हास'च लिहा. संस्कृत वचन उतरवताना 'ह्रास' राहू द्या. 'ह'च्या डोक्यावर रफार देऊन 'र्हास' छापतात, ते मात्र चूक.

फलकावर 'पाने कुजून खत तयार होते' एवढं पुरे. रंगारी अक्षरामागे पैसे घेत असेल, तर सोसायटीची बचतही होईल.