वाचकांचे प्रश्न : कर्जप्रकारांना विमा जोडताना

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेत नवी संगणकप्रणाली बसवण्याचे काम चालू आहे. जुन्या प्रणालीत सर्व कर्जांना ‘विमा खर्च’ असा एकच आकार लावला जाई. आता प्रत्येक कर्जप्रकाराला विम्याचे प्रकार जोडावयाचे आहेत. ते विमा कंपन्यांच्या नावांनुसार करावेत का? आणि विमा सक्तीचा ठेवावा का?
— कर्ज विभागातील एक अधिकारी, सातारा जिल्हा

उत्तर : कंपनीच्या नावाने प्रकार करू नयेत. कंपनी दर नूतनीकरणाला बदलू शकते आणि ती निवडण्याचा हक्क कर्जदाराचा असतो. म्हणून विमा कशाचे संरक्षण करतो यावरून प्रकार ठरवावेत (तारण इमारत, मालसाठा, वाहन, पीक, कर्जदाराचे जीवित) आणि कंपनी, पॉलिसी क्रमांक व मुदत हा तपशील त्या त्या कर्जखात्यावर नोंदवावा.

वाहनकर्जाला मात्र एक प्रकार पुरत नाही. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या खासगी मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा (वाहनामुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा) विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो. परंतु वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो, आणि बँकेचे तारण राखतो तो हाच. दोन्हींसाठी मुदतीचा एकच रकाना ठेवला, तर दुचाकीचे तारण दुसऱ्या वर्षापासून उघडे पडले तरी प्रणाली पाच वर्षे सूचना देणार नाही. म्हणून दोन स्वतंत्र प्रकार करावेत आणि नूतनीकरणाची सूचना दोन्हींना वेगवेगळी लावावी.

तारणाचा विमा सक्तीचा ठेवणे रास्त आहे. जीवित विमा ऐच्छिकच ठेवावा आणि कर्जदाराच्या लेखी संमतीची नोंद झाल्याखेरीज विम्याचा हप्ता खात्याला नावे पडू नये, अशी अट प्रणालीतच घालावी. पीकविमा खरीप 2020 पासून कर्जदार शेतकऱ्यांनाही ऐच्छिक आहे. मात्र तो नको असल्यास शेतकऱ्याने तसे मुदतीपूर्वी लेखी कळवावे लागते, त्यामुळे तेथे नकाराची तारीख नोंदवण्याचा रकाना हवा. वार्षिक 436 रुपये हप्त्याची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना बचत खात्याशी जोडलेली असल्याने तिला कर्जाच्या विमाप्रकारांत स्थान नाही.

आपण विचारलेले नाही, तरी खातेजोडणीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. ‘विमा खर्च’ हा आकार उत्पन्नाच्या खात्याला जोडलेला असेल, तर कंपनीकडे भरावयाची रक्कम बँकेचा नफा म्हणून दिसते. हप्ता ‘विमा हप्ता देय’ या देणे खात्यात जमा व्हावा. बँकेला कमिशन मिळत असल्यास तेवढेच उत्पन्नात घ्यावे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार, 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ व सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांत बँकेने विमा कंपनीच्या वतीने वसूल केलेली रक्कमही वार्षिक टक्केवारी दरात (व्याज व इतर आकार मिळून कर्जाचा वार्षिक खर्च) धरावी लागते आणि मुख्य तथ्य विवरणात (कर्जदाराला द्यावयाच्या कर्जाच्या अटींच्या गोषवाऱ्यात) वेगळी दाखवावी लागते. ही गणना होते की नाही, हे प्रणाली स्वीकारण्यापूर्वी चाचणी खात्यावर विम्याचा हप्ता नावे टाकून पाहावे.