गेटचे पैसे, टीव्हीचे पैसे

प्रश्न : शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने आम्ही तिकीट काढून बघतो आणि रात्री घरी टीव्हीवर इंग्लंडचे. तिथल्या क्लबांचं पोट नेमकं कशावर भरतं? तिकिटांवर की टीव्हीवर? आणि टीव्हीचे पैसे सगळ्यांना सारखे मिळतात का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : क्लब कोणता, यावर ते अवलंबून आहे. माझा व्यवसाय ऑडिटचा, त्यामुळे गुणतक्त्याइतकाच मला क्लबचा ताळेबंद वाचायला आवडतो. मँचेस्टर युनायटेडचं 2023-24 चं उत्पन्न बघा. एकूण 66.18 कोटी पौंड. त्यातले 22.18 कोटी प्रक्षेपणाचे, 13.71 कोटी सामन्याच्या दिवशी मैदानावर जमलेले, म्हणजे गेटचे, आणि राहिलेले 30.29 कोटी प्रायोजक, जर्सी वगैरेंचे. एक कोटी पौंड म्हणजे आपले शंभर कोटींहून जास्त रुपये, हे लक्षात ठेवून आकडे वाचा.

युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सुमारे 74 हजार माणूस बसतं, म्हणून गेटचा आकडा एवढा दिसतो. आता बोर्नमथ या गावाचा छोटा क्लब घ्या. नोकरीनिमित्त मी काही वर्षं त्या गावात राहिले. मैदान किंग्ज पार्क नावाच्या बागेत आहे, खुर्च्या अकरा हजारांच्या थोड्या वर. टीव्हीवरचा सामना असला की प्रक्षेपणाच्या लांबलचक गाड्या स्टँडला खेटून उभ्या राहायच्या, मनगटाएवढ्या जाड केबली जमिनीवरून आत गेलेल्या असायच्या आणि त्या ओलांडून लहान मुलं बापाचा हात धरून गेटकडे चाललेली असायची. खुर्ची रिकामी दिसायची नाही. तरी प्रीमियर लीगमधल्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या विभागातल्या वर्षांत या क्लबच्या उत्पन्नात गेटचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत राहिला आणि बहुतेक पैसा त्या गाड्यांमधून आला. मैदान भरलं तरी जागाच तेवढी, मग तिकीट वाढवून वाढवून किती वाढवणार?

आता वाटणी. प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क क्लब सुटे-सुटे विकत नाहीत, लीग सगळ्यांच्या वतीने एकगठ्ठा विकते. ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाच्या पैशांचा निम्मा भाग वीसही क्लबांना सारखा. एक चतुर्थांश हंगामाअखेरच्या क्रमांकाप्रमाणे. उरलेला चतुर्थांश कोणाचे किती सामने थेट दाखवले, त्यावर. परदेशातून येणारे पैसे पूर्वी सगळ्यांना सारखे वाटले जायचे. 2019 पासून त्यातली वाढ मात्र क्रमांक बघून वाटली जाते. परिणाम असा की 2023-24 मध्ये विजेत्या मँचेस्टर सिटीला लीगकडून साधारण 17.6 कोटी पौंड मिळाले आणि तळाला राहिलेल्या, हंगामात 104 गोल खाल्लेल्या शेफील्ड युनायटेडला जवळपास 11 कोटी. शेवटच्याच्या पदरातही पहिल्याच्या साठ टक्क्यांहून अधिक! स्पेनमध्ये 2015 पर्यंत रेआल माद्रिद आणि बार्सिलोना आपापले हक्क स्वतंत्र विकून लहान क्लबांच्या कित्येक पट कमवत. शेवटी सरकारला एकत्रित विक्रीचा कायदा करावा लागला. इंग्लंडच्या क्लबांनी 1992 मध्ये प्रीमियर लीग ही नवी लीग काढतानाच ही वाटणी ठरवली. त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय मला हाच वाटतो.

तिकिटांचं मात्र उलट झालं. 1983 पर्यंत लीग सामन्याच्या गेटचा काही हिस्सा पाहुण्या संघाला द्यावा लागायचा. त्यानंतर ज्याचं मैदान, त्याचं गेट. त्यामुळे मैदान मोठं करायची ईर्ष्या लागली. आर्सेनल 2006 मध्ये 38 हजारांचं हायबरी सोडून 60 हजारांच्या एमिरेट्सवर गेला आणि त्याचं गेटचं उत्पन्न एका वर्षात जवळपास दुप्पट झालं. ते सगळं साध्या खुर्च्यांमुळे झालं नाही. जेवणासकट विकल्या जाणाऱ्या महागड्या जागा आणि बॉक्स संख्येने थोडे असतात, पण तिजोरीत मोठी भर घालतात.

एवढा टीव्हीचा पैसा आहे तर प्रेक्षक कशाला हवा, असं मात्र कुणी म्हणू नये. करोनाच्या हंगामात, 2020-21 मध्ये, मँचेस्टर युनायटेडचं मैदानावरचं उत्पन्न 71 लाख पौंडांवर आलं. टीव्ही चालू होता, पण रिकाम्या स्टँडपुढचा सामना बघवत नव्हता. वाहिन्यांनी गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज मागे लावला. म्हणजे टीव्हीला जे विकायचं असतं, त्यात स्टँडमधल्या माणसाचा आवाजही धरलेला असतो. त्याच माणसाकडून जास्तीत जास्त काढण्याची क्लबांची वृत्ती मला संतापजनक वाटते. 2024 च्या अखेरीस युनायटेडने हंगामाच्या मध्यावरच सभासदांसाठी उरलेली तिकिटं 66 पौंडांची केली आणि मुलं व वृद्धांची सवलत काढून टाकली. आदल्या हंगामात बावीस कोटी टीव्हीतून आले असताना नातवाला घेऊन आलेल्या आजोबांच्या सवलतीवर क्लबचं काय अडलं होतं? पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी 2016 पासून 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे. तीही चाहत्यांनी भांडून मिळवलेली.

प्रश्न : शनिवारी रात्री साडेआठचा सामना मी पुण्यात बघते, पण लंडनमधल्या माझ्या मामेभावाला तो टीव्हीवर दिसत नाही. असं कसं?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तो सामना तिथे दुपारी तीनला सुरू होतो. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत. ही प्रथा 1960 च्या दशकातली, बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहातून आलेली. मोठ्यांचा सामना घरबसल्या दिसला तर आपल्या गावच्या लहान क्लबाच्या मैदानावर कोण जाईल, ही त्यामागची भीती.

नियम जुना झाला असं बरेच जण म्हणतात. मी तो ठेवावा या मताची आहे, कारण खालच्या विभागांत आजही गेटवरच चूल पेटते. टीव्हीवर विसंबून काय होतं हे त्या क्लबांनी भोगलंय. आयटीव्ही डिजिटल या टीव्ही कंपनीने प्रीमियर लीगखालच्या क्लबांशी तीन वर्षांचा 31.5 कोटी पौंडांचा करार केला आणि 2002 मध्ये ती बुडाली. येणाऱ्या पैशांच्या भरवशावर खेळाडूंचे पगार आधीच ठरले होते. अनेक क्लब दिवाळखोरीच्या दारात गेले.

मामेभावाला सांगा, त्या वेळात जवळच्या छोट्या क्लबाचं तिकीट काढ. प्रीमियर लीगपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं, आणि ते पैसे तिथे खरोखर उपयोगी पडतात.

प्रश्न : आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) टीव्हीच्या पैशांवर क्लब का उभे राहत नाहीत?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : 2014 मध्ये लीग सुरू झाली तेव्हाची रचनाच निराळी होती. क्लबांनी दरवर्षी आयोजक कंपनीला फ्रँचायझी शुल्क भरायचं आणि सामायिक उत्पन्नातून जो वाटा येईल तो घ्यायचा. हक्क क्लबांच्या हातात नव्हते. भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्या कंपनीचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार होता, पुढचं काही ठरेना, म्हणून जुलैमध्ये हंगामच थांबवला गेला आणि काही क्लबांनी पगार रोखले. तुमच्या फातोर्डा मैदानाच्या स्टँडमध्ये बसणाऱ्यांनी म्हणूनच यापुढच्या प्रत्येक करारात एक कलम आधी शोधावं : एकूण रकमेतला किती हिस्सा क्लबांना मिळणार, आणि तो सारखा वाटणार की नाही.